मॉरिशसची आरती

हायडेलबर्गच्या ट्राममध्ये मागच्या सीटवर दोन विद्यार्थिनी मराठीत बोलू लागल्या, तशी शुभाताईंनी पुस्तक मिटलं.

"मॉरिशसला घरी मराठीच बोलता?" एकीने दुसरीला विचारलं.

"घरी क्रेओल. मराठी शाळेत शिकले. खापरपणजोबा रत्नागिरीहून ऊस तोडायला गेले, ते तिथलेच झाले."

"आणि गणपती?"

"सगळ्या देशाला सुट्टी. विसर्जनाला चिनी शेजारीसुद्धा समुद्रापर्यंत येतात."

"इथे एका दिवसाच्या उर्लाउबसाठी, रजेसाठी, मला प्रोफेसरांना हत्तीचं तोंड समजावून सांगावं लागलं. शनिवारी ये आमच्याकडे. आरती मोबाईलवर बघून म्हणतो."

"मोबाईल कशाला, मला सगळी पाठ आहे. अर्थ तेवढा तू सांग."

"अर्थ... आल्झो, म्हणजे, तो आईला विचारते."

आरतीच्या दुसऱ्या ओळीचा अर्थ मनातल्या मनात लावता लावता शुभाताईंचा स्टॉप मागे गेला.