डोंगरांचं पुस्तक

आर्वीच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची शेजारीण गाडीची वाट पाहत होती.

"रामाजीभाऊ, थैलीत काय हाय?"

"डोंगर-ज्वालामुखीच्या चित्रांचं पुस्तक. रोशनी पाचवीत होती तवा तिच्यासाठी आणलतं."

"अजून नवंच दिसते!"

"फाटन म्हणून बाबासाहेबांच्या फोटोजवळ वर ठेवलतं. पोरगी रोज म्हणे, बाबा, ज्वालामुखी दाखवा. मी म्हणो, उद्या दाखवतो, हात धुऊन येजो."

"मंग?"

"मंग तिचं लगन झालं."

"आता कोणाले नेऊन राह्यले?"

"तिच्या पोरीले. काल फोनवर रोशनीले इचारलं, तुया पोरीले पयले कोणतं चित्र दाखवू?"

"काय म्हणे?"

"म्हणे, बाबा, मले त नुसतं कव्हरच माहीत हाय."