रिकाम्या हाताची फेक

हॅलो?… हो, कतारचा, अल गराफाचा बेसबॉल क्लबच. मी ज्ञानदा, अकाउंट्सला असते… कोण? अलकावहिनी? मच्छिंद्रदादांच्या?… हो, हो, ओळखलं. बोला ना.

मोबाईल उचलत नाहीत?… उचललाच तर प्रॅक्टिस चालू आहे म्हणतात?…

वहिनी, बसलायत ना तुम्ही?… नाही, नाही, अपघात वगैरे काही नाही! इथे खिडकीतून दिसतायत मला, मैदानात… अहो, ऐका ना. दादा आता टीममध्ये नाहीत.

…हॅलो? वहिनी?

गेल्या महिन्यापासूनच… काहीच बोलले नाहीत तुमच्याशी?… छे, खेळ नाही बिघडला. सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार किती, याला लीगनं मर्यादा घातलीय. त्याच्या वर एक रियालही जाता येत नाही. मॅनेजरनं बाहेरून मोठा बॅटर आणला, निम्मा पैसा तिथेच गेला. उरलेल्यात एकतर दादा, नाहीतर दोन नवी पोरं… हो, दादाच सरस, कोण नाही म्हणतंय? पण वय, तो दुखरा खांदा… दोन पोरं घेतली. खलास.

घरी परतायचं तिकीट दिलंय हो. घेतच नाहीत. रोज सकाळी जुना शर्ट घालून येतात… काय करतात?… कसं सांगू, वहिनी… चेंडू फेकतात. हातात चेंडू नसतो. भिंतीकडे बघतात, पाय उचलतात, फेकतात… मग कान देऊन उभे राहतात. आवाज येईल म्हणून.

वेड नका म्हणू. नीट बोलतात हो, काल मला विचारलं, 'पोरी, जेवलीस का?'… पण त्यांच्या जागी घेतलेल्या दोघांतला संपत त्या फेकायच्या जागेवर पायच ठेवत नाही. म्हणतो, जागा रिकामी नाहीये… आणि मी… काल दादा निघून गेले होते, मैदानात चिटपाखरू नव्हतं, आणि भिंतीवर 'धप्प' झालेलं मी ऐकलं, वहिनी…

रडू नका ना… थांबा, ऑफिसचा मोबाईलच आहे हा, घेऊन खालीच जाते मी. ठेवू नका हं… जिना उतरतेय… हो, ऊन आहे, फार आहे…

दादा! मच्छिंद्रदादा!… लक्षच नाही. वहिनी, स्पीकर लावते, तुम्हीच हाक मारा… मोठ्यानं… अजून एकदा…

थांबले. हात वरच राहिलाय… वळले, वहिनी, वळले.

घ्या दादा, घरून आहे… सांगितलं मी त्यांना. सगळं कळलंय. आता काही लपवायचं नाही उरलं… अहो, एवढ्या उन्हात हात असा गार कसा तुमचा?… धरा, नीट धरा…

वहिनी, देतेय हं त्यांच्याकडे. बोला.