नावात तळं नाही

(प्रयोगशाळेतली डॉक्टरांची खोली. दुपार. वहिनींच्या हातात नव्या व्हायरसच्या नावांचा कागद, त्यावर दोन ओळी.)

वहिनी : म्हणजे त्या व्हायरसनं मेलेल्या बदकाची नोंद झाली, आणि त्यानंच मेलेल्या माझ्या नवऱ्याला गाळलंत?

डॉक्टर : गाळलं नाही, वहिनी. नवा व्हायरस सापडला की नाव द्यायची पद्धतच तशी आहे. प्राणी, ठिकाण, नंबर, साल. प्राण्याच्या जागी माणूस असला की तेवढा शब्द लिहीत नाहीत. सगळ्या देशांनी मान्य केलंय.

वहिनी : बरं. पण बदकाच्या ओळीत तळं आहे, ह्यांच्या ओळीत शहर कसं आलं?

डॉक्टर : नमुना जिथे घेतला, ते ठिकाण. त्याचा हॉस्पिटलात घेतला.

वहिनी : अहो, तुमच्या तपासणीसाठी तळ्यावरची ती बदकं ह्यांनीच धरली ना! 'पकड्या' म्हणून हाका मारायचात तुम्ही सगळे.

डॉक्टर : त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. बदक फडफडायचंसुद्धा नाही.

वहिनी : कौतुक राहू द्या. त्या दिवशी मास्क संपले होते. तुम्हीच म्हणालात, पाच मिनिटांचं काम आहे, उरकून टाक.

डॉक्टर : ...म्हणालो.

वहिनी : नावं ठरवायच्या मीटिंगमध्ये सांगितलंत हे?

डॉक्टर : तिथे फक्त नावंच ठरवायची होती. दोन्ही व्हायरस एकच आहेत, हे अहवालात येईल ना.

वहिनी : अहवाल कोण वाचतंय? घरी हा एवढा कागद पोचला. दीर सगळ्यांना दाखवत फिरतात, "बघा, तळ्याचा संबंधच नाही." मग उरलं कोण? मी! चिकनच्या दुकानात कामाला जाते ना, व्हायरस मीच घरी आणला असा पहिल्या दिवसापासून संशय.

डॉक्टर : काहीतरीच काय! त्या दुकानातल्या कोंबड्या आम्ही तपासल्या. एकीतही सापडला नाही.

वहिनी : हे तुम्हाला माहीत, मला माहीत. चार लोकांत मात्र तोंडाला कुलूप. नावाला हात वर केलात ना?

डॉक्टर : सगळ्यांनीच केला.

वहिनी : मी तुमचं विचारतेय.

डॉक्टर : ...केला. नियमात बसत होतं.

वहिनी : तुमचं नियमात बसलं, खापर माझ्यावर फुटलं.

डॉक्टर : नाव आता बदलता येत नाही, वहिनी.

वहिनी : नाव घाला चुलीत. सासूबाई बाहेर बाकावर बसल्यात. त्यांना तुमच्या तोंडानं एवढंच सांगा, "त्याला मीच पाठवलं, मास्कशिवाय."

डॉक्टर : अहवाल येईपर्यंत मला असं तोंडी काही... तीनेक महिने थांबा.

वहिनी : हे गेल्याला दीड महिना झाला, डॉक्टर. तेव्हापासून त्या माझ्या हातचं जेवत नाहीत.