गोड औषधाच्या आधीची गोळी

अहो, मी साधी बातमी करायला गेलो होतो! नागपुरातल्या एका इस्पितळात ऑपरेशनआधी मुलांना सुई टोचत नाहीत, गोड औषध पाजून गुंगी आणतात, ते बघायला. उमरेडच्या एका विणकर बाईने चार वर्षांची पोर टॉन्सिल काढायला आणली होती. डॉक्टर चमचा घेऊन आले, तर पोर आधीच गाढ झोपलेली. हलवलं तरी डोळे उघडेना.

"हिला काय दिलंत?" डॉक्टर ओरडले.

"अफूची गोळी," बाईने कमरेच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "सुईले घाबरते नं ते."

मीही मध्येच ओरडलो, "बाई, वरून हे औषध पडलं असतं तर पोरीचा श्वास थांबला असता!"

"काहून ओरडता जी? मागावर बसतो तवा रोजच देतो. डाक्टरनं झोपवलं तं औषध, अन् मी झोपवलं तं जहर?"

ऑपरेशन रद्द झालं. संध्याकाळी पोरीने डोळे उघडले, तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीत टेकले. मग उठून त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या मुलांच्या आयांना विचारलं, "आणखी कोणी दिली आहे का?"

जवळजवळ प्रत्येकीचा हात आपल्या कमरेच्या पिशवीवर गेला.