विमानाचा हार

— बसा ओ साहेब, खुर्ची डुगडुगते पण पाडत नाय कोणाला. जगदीश येईल आता, खाली गुणाजीकडं रॉकेल आणायला गेलाय. तोवर मला विचारा — मी रखमा, आई त्याची. चहा घ्या. लालबागच्या चाळीत चहा प्यायला म्हणून चौकशी-अधिकाऱ्याची नोकरी जात नाय! साखर जास्त झाली? पुण्याचे ना तुम्ही? तरीच.

तर विमान पडलं, ते खरं. जुहूवरनं उडालं, माडांच्या वर गेलं नाय गेलं तोच खाडीच्या चिखलात — पण बसलं कसं, म्हशीसारखं, मऊ! विमान चालवणाऱ्या रूपर्टसाहेबाचा हात मोडला तेवढा. चिखलातनं उठला आणि आधी मागितली सिगरेट. माहीमला त्याच्या घरी मी पापलेटचं कालवण घेऊन गेलेले, त्यानंच सांगितलं — रखमाबाय, वेगाचा काटा शून्यावरनं हललाच नाय, मी उडतोय का रांगतोय तेच कळेना! आता सगळं खापर माझ्या पोरावर. उडायच्या आधी विमान तपासायचं काम त्याचं, आणि हा शहाणा तुम्हाला सांगतो, मी तपासलंच नाय. घरचा स्टोव्ह तीनदा बघितल्याबिगर पेटवत नाय तो! उद्या लायसन गेलं तर कोण ठेवील त्याला कामावर? खोटं बोलतोय साहेब, कोणाला तरी पाठीशी घालतोय. कोणाला, तेवढं शोधून काढा तुम्ही.

आणि तपासताना मी बघितलं की त्याला! मी तिथंच — आता बोललेच तर ऐका. आये, कुठं बोलू नको म्हणालेला, बाहेरची बाई शेडमध्ये आणली म्हणून साहेबलोक ओरडतील. पण खंडेनवमी होती, आमची दुपारची पाळी, सकाळ मोकळी. मिलमध्ये वाइंडिंग खात्याची मशिनं दरसाल मीच सजवते, मग पोराच्या विमानानं काय पाप केलंय? हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. पण विमानाला मेला गळा कुठं असतो? हार आपला घसरतोय! मग पंखाखाली ती बारकी नळी आहे ना, पुढं तोंड केलेली — तिच्या भोकात देठ दाबलं घट्ट. मिलची रीत ती, मशीन कितीबी हादरलं तरी हार पडत नाय. उडायच्या आधी उतरवला की जगदीशनं. जरा ओढावा लागला, फुलं तुटून हातात आली...

कप का ठेवलात?

होय, तीच नळी. एकच आहे ना तिथं?... वारा? त्या नळीत वारा शिरला तर काटा हलतो?

अगं बाई.

तरीच. तरीच पोरगं माझ्याकडं बघत नाय. ताटात मान घालून जेवतं आणि उठतं. मला वाटलं, नोकरीची काळजी. मला वाचवत होता ओ तो — मलाच!

उठा साहेब. नाय, तुम्ही काय समजावू नका मला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून निघालेल्या समितीच्या मोर्चात लॉकअप बघून आलेय मी, तुमच्या हापिसाला घाबरते होय? तिथं सगळ्यांसमोर सांगते, देठ माझं, पोराचा दोष नाय. चहा राहू दे तसाच. मागच्या जिन्यानं चला — पुढच्यानं तो चढतोय, त्याच्या चपला ऐकू येतायत. त्यानं बघितलं तर मला जाऊ द्यायचा नाय. चला!