बाबा नावाची फाइल

बाबा : लावला. काही नाही.

मुलगी : दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा.

बाबा : तिन्हींत लावून झाला. माऊस तिन्हींत चालतो, पेनड्राइव्ह एकातही नाही. पोर्ट भिंग लावून तपासले मी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत, एवढं कळतं.

मुलगी : तुम्ही कुठे हात नाही ना लावलात?

बाबा : चार वर्षांपूर्वी तू हा लॅपटॉप इथे टाकून गेलीस. तेव्हापासून मी यावर बातम्या वाचतो आणि पत्ते खेळतो. पेनड्राइव्हच्या वाटेला सहसा जात नाही. आज नाइलाज आहे म्हणून.

मुलगी : किती वाजलेत?

बाबा : चार वीस. पाचच्या आत यातला तुझ्या आईचा स्कॅन मेल झाला नाही तर सर्जनबाई दीड महिन्यानंतरची तारीख देणार. तुझी आई आत्ता भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. झेरॉक्सवाला बंद आहे, शेजारी गावाला गेलेत. राहिलीस तू.

मुलगी : बरं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडेल. टाइप करा : एल, एस, यू, एस, बी.

बाबा : चार ओळी आल्या. एकीत स्टोरेज असं काहीतरी आहे.

मुलगी : म्हणजे लॅपटॉपला तो दिसतोय.

बाबा : दिसतोय, पण ओळख देत नाही. तुझ्या काकासारखं.

मुलगी : आता एल, एस, बी, एल, के.

बाबा : यात नाही. आतली डिस्क तेवढी दिसते.

मुलगी : मग त्याला कोणीतरी दारातच अडवतंय. एक फोल्डर सांगते, तो उघडा. लॅपटॉपला कशाकशाची मनाई आहे, ते त्यात लिहिलेलं असतं.

बाबा : उघडला. सहा फाइली आहेत. एकीचं नाव बाबा.

मुलगी : काय नाव म्हणालात?

बाबा : बाबा. ऐकू येतंय ना?

मुलगी : ती राहू द्या जरा.

बाबा : उघडली. वरच्या ओळीत लिहिलंय, ‘बाबांना पेनड्राइव्ह द्यायचा नाही. कधीच.’ खाली इंग्रजीत एक ओळ आहे. तारीखही घातलीयेस. तू गेलीस तो दिवस.

मुलगी : मी विसरून गेले होते, बाबा. खरंच. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं.

बाबा : कसं असेल? तुझा पेनड्राइव्ह मला रिकामा वाटला, न विचारता कोरा केला आणि घड्याळांचे फोटो भरले. प्रबंधाची दोन प्रकरणं गेली, तू प्रबंधच सोडलास. चार पंचवीस. पुढे बोल.

मुलगी : ती इंग्रजी ओळच पेनड्राइव्ह अडवतेय, ती पुसून टाका.

बाबा : पुसत नाही. घड्याळातून काढलेला भाग मी कधी फेकला नाही. दुसरं काही सांग.

मुलगी : मग तिच्या सुरुवातीला ते आडव्या-उभ्या दोन-दोन रेघांचं चिन्ह टाका. लॅपटॉप ती ओळ वाचणार नाही. सेव्ह करताना लॉगिनचाच पासवर्ड मागेल.

बाबा : टाइप करतोय, पण काही उमटत नाही.

मुलगी : उमटत नाहीच. पूर्ण टाइप करून एंटर दाबा. आता पेनड्राइव्ह परत चालू करायला मी अक्षरं सांगते ती एकेक करून टाका.

(कळा दाबल्याचा आवाज. एक बोट, सावकाश.)

बाबा : आला. स्कॅन आला. जोडू?

मुलगी : जोडा, आणि सर्जनबाईंचा पत्ता दोनदा तपासा.

बाबा : तीनदा तपासला. गेला. चार एकेचाळीस.

मुलगी : मला माफ करा, बाबा. तुम्हाला निदान सांगून जायला हवं होतं.

बाबा : सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. थांब, ड्रॉवरमध्ये दुसरा पेनड्राइव्ह आहे.

मुलगी : दुसरा कुठला?

बाबा : तुझाच. तू गेल्यावर एका माणसाकडे नेला. पुसलेलं परत काढतो म्हणाला. महिनाभर ठेवून घेतला, मग म्हणाला, झालं. घरी आणून यात लावला, तर काही नाही. मला वाटलं, फसवलं त्याने. तपासल्याशिवाय काम झालं म्हणायची मला सवय नाही, म्हणून तुला कळवलं नाही.

मुलगी : तुम्ही तो त्याच लॅपटॉपवर तपासलात?

बाबा : घरात दुसरा कुठला आहे? … लावला. एक फोल्डर आहे. प्रकरण तीन. प्रकरण चार. उघडू का?

मुलगी : नको. मी शनिवारी येते.

बाबा : बरं. मग लावूनच ठेवतो.