डावीकडची चाकं

गॅरेजच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. मधे एक वयस्कर गृहस्थ, त्यांच्या उजवीकडे त्यांची मुलगी आणि डावीकडे मी. समोर मेस्त्री जुन्या गाडीचं चाक फिरवून बघत होते.

"काका, तडा कुठेच नाही. घासून रंग दिला की नव्यासारखी दिसतील."

"ऐकलंस? गाडीबरोबर आलेली चाकं आहेत ती. नवी कशाला घ्यायची?"

"बाबा, गेल्या वर्षीच रंगवली होती. मेस्त्री, उजवीकडची कशी आहेत?"

"त्यांना ओरखडासुद्धा नाही, ताई. डावीकडचीच सोलली आहेत."

"फुटपाथ डावीकडेच असतो, मग दुसरी कुठली घासणार? हल्ली उगाच उंच करून ठेवतात."

"आणि दाराची चौकट? रोज डावाच खांदा आपटतो, आई सांगत होती."

"तुझ्या आईला सांगायला काहीतरी लागतंच."

"बाबा, समोर बघा. मान वळवू नका. तुमच्या डाव्या बाजूला कोण बसलंय?"

"हा काय पोरखेळ लावलायस? मेस्त्री, रंग मूळचाच द्या हं, चंदेरी."

"बाबा, सांगा ना."

"कोणी नाही. जागा रिकामीच आहे," असं म्हणत त्यांनी हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.